मोहरीची उशी

माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचाही नव्हता तेव्हापासून आईनं त्याला कधी उचलून घेतलं नाही, आणि तरी तो तिच्या अंगाखांद्यावरच वाढला. हे ज्यांना पटत नाही त्यांना मी आमच्या सिस्टरची गोष्ट सांगते. सगळे तिला सिस्टरच म्हणायचे, आम्हीही. तिचा आवाज वॉर्डाच्या या टोकाला निघाला की त्या टोकाच्या बायका उठून नीट बसत. असा आवाज मी पुढे फक्त एसटीच्या कंडक्टरांमध्ये ऐकला.

सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. नाशिकमधल्या आमच्या कॉलनीत बहुतेक घरं आमच्यासारखी, पहिल्या पिढीतल्या नोकरदार बौद्धांची. वडील एका सरकारी कचेरीत कारकून. आई घरी मशीनवर ब्लाउज शिवायची. कॉलनीतल्या निम्म्या बायकांची मापं तिला तोंडपाठ होती, आणि कोण जाड झालं, कोण वाळलं हे तिला त्या बायकांच्या आधी कळायचं. आजी म्हणजे वडिलांची आई. ती येवल्याकडच्या खेड्यातून आलेली, आणि नाकावर राग. तो राग माझ्याकडे वारशानं आला आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल मी फार बोलत नाही.

भाऊ अजून अंगावर पीत होता तेव्हा आईच्या उजव्या बाजूला गाठ लागली. आजी म्हणाली, "दुधाची हाय. शेकली का जाईल." शेकून झालं, लेप लावून झाले. गाठ काही गेली नाही. शेवटी वडील तिला दवाखान्यात घेऊन गेले आणि तिथून मोठ्या हॉस्पिटलात. भावाचं पिणं एका दिवसात तुटलं. तो दिवसभर रडला आणि मग आपली मोहरीची उशी घेऊन कोपऱ्यात निजला.

ही उशी म्हणजे आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या डोक्याखाली ठेवतात तीच. डोकं गोल व्हावं म्हणून मऊ कापडात मोहरी भरलेली. बाळ बसायला लागलं की ती कुठेतरी माळ्यावर जाते. आमच्या पठ्ठ्यानं ती सोडलीच नव्हती. कोपऱ्याला धरून घरभर ओढायचा. झोपताना तिच्यावर कान घासायचा, आत मोहरी सळसळली की डोळे मिटायचे.

आईचं ऑपरेशन झालं. मला सांगण्यात आलं, पोटाचं. मोठी माणसं मुलांशी खोटं बोलतात तेव्हा सगळी पोटाकडेच का वळतात कोण जाणे. वॉर्डात मुलांना मज्जाव होता, पण आजीचं शेपूट म्हणून मी आत जायची. तिथे भेटायला येणाऱ्यांची रीघ. शहाळी आणायची, खाटेवर बसायचं आणि आपल्या नात्यातली कोण बाई याच आजारानं कशी गेली ते साग्रसंगीत सांगायचं. आई पदर गळ्यापर्यंत ओढून ऐकत राहायची. एकदा एक शेजारीण सांगता सांगता अशाच एका जाऊबाईंना अगदी शेवटच्या श्वासापर्यंत घेऊन आली होती, तेवढ्यात सिस्टर आली.

"काकी, झाली का गोष्ट सांगून? मग उठा आता. पेशंटची ड्रेसिंग करायचीय. आणि रडायचंच असेल तर बाहेर झाडाखाली बाकडं आहे, एकदम फस्क्लास."

मी त्या क्षणी तिच्या प्रेमात पडले. सिस्टर मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, बोलणं निम्मं हिंदी. शेजारीण गेल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू मोठी ना? तुला ठाऊक आहे आईचं काय काढलं?"

"पोटातलं काहीतरी," मी म्हणाले.

सिस्टरनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली, मग हळूच डोलावली. सिस्टर मला व्हरांड्यात घेऊन गेली आणि साध्या शब्दांत सांगितलं. एका बाजूची छाती काढली. का काढली. आजाराचं नाव कॅन्सर. उजवा हात बरेच दिवस वर जाणार नाही आणि त्या हातानं जड काही उचलायचं नाही. आई मरेल का, असं मी विचारलं तेव्हा ती खोटंही बोलली नाही आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवण्याचा आगाऊपणाही केला नाही. म्हणाली, "ते मला सांगता येत नाही. पण आज ती जिवंत आहे, आणि तिला वाटतंय तुला काही माहीत नाही म्हणून ती तुझ्याशी धड बोलत नाही. जा, वेणी घालून घे. डाव्या हातानं घालेल, वाकडी घालेल. घाल म्हण." आईनं वाकडी वेणी घातली. मी ती दुसऱ्या दिवशी शाळेत तशीच मिरवली.

त्यानंतर आईला शेक, म्हणजे मशीनवरचे किरणांचे उपचार, घ्यायला मुंबईला जावं लागलं. वडील सोबत गेले. मी आजीजवळ राहिले आणि भावाला देवळ्याची मावशी घेऊन गेली. मावशी आईची मोठी बहीण, शेतावर कांदा पिकवणारी. तिला मूल नव्हतं. तिनं त्याला फुलासारखं जपलं यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण आईबाबा परतल्यावर ती त्याला घेऊन आली तेव्हा आईनं हात पुढे केला, आणि तो मावशीच्या लुगड्यामागे लपला. "आई," असं म्हणत लपला. मावशीलाच म्हणत.

त्या दुपारी घरात ठरलं. आईच्यानं आता हे मूल उचलवत नाही, आजी थकलेली, वडिलांची नोकरी. पंधरवडाभर त्याला इथे राहू द्यायचं, सगळ्यांनी डोळे भरून बघून घ्यायचं, मग मावशीनं येऊन कायमचं घेऊन जायचं. "माझंच हाय ते बी," मावशी म्हणाली, "परकं कुटं जातंय?" वडील हो म्हणाले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईही हो म्हणाली. मी आदळआपट केली, जेवले नाही. कुणी विचारलं नाही.

आई हो का म्हणाली हे सिस्टरला कळलं, आम्हाला नाही. आम्ही एका घरात राहून आंधळे. सिस्टरची खोली आमच्या पलीकडच्या गल्लीत होती आणि ड्यूटीवरून जाताना ती आईचा हात बघायला डोकवायची. एके दिवशी ती आली तेव्हा आई खिडकीशी बसून चहा पीत होती. कान तुटलेला कप होता. खिडकीच्या कट्ट्यावर तिची ताटली आणि पेला वेगळे पालथे घातलेले. भाऊ दाराशी मातीत खेळत होता. तो जरा जवळ सरकला की आई पाय आखडून घ्यायची.

"हे काय?" सिस्टरनं भांड्यांकडे बोट केलं.

आई पुटपुटली, "लेकरांना लागायला नको. आणि ते शेक घेतलेत ना, बाया म्हणतात अंगातून बाहेर पडतात. म्हणून त्याला जवळ घेत नाही. तिकडे गेला तर निदान..."

सिस्टरनं तिच्या हातातून तो कप काढून घेतला आणि आईचा उष्टा, गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. तोंड वाकडं केलं. "साखर कमी आहे," ती म्हणाली. "आता ऐक ताई. हा आजार भांड्यातून लागत नाही. शिवून लागत नाही. मुका घेतला, मांडीवर घेतला, काही होत नाही. शेक मशीनमध्येच राहतो, तुझ्या अंगात बसून गावभर फिरत नाही. मी रोज तुमच्यासारख्या बायांना हात लावते. मी मेले का?"

आजी स्टोव्हपाशी बसून ऐकत होती. ती उठली. तिनं सिस्टरच्या हातून कप घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. तिचा आवाज बारीक झाला होता. "आमच्या गावात हाटेलाच्या वळचणीला आसलाच कप ऱ्हायचा आमच्यासाठी. आपुनच धुयाचा, आपुनच ठिवायचा. आन् माझ्याच घरात माझी सून तसला कप घिऊन बसली, आन् म्या रोज त्याच्यात च्या ओतला." आणि तिनं तो अंगणात असा भिरकावला की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. धम्म घेतला तेव्हा आजीनं घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते. वडील म्हणायचे, तेव्हाही तिनं एवढा आवाज केला नव्हता.

भांड्यांचा प्रश्न तिथेच संपला, पण भावाचा नाही. आईला आता त्याला घ्यायचं होतं आणि घेता येत नव्हतं. हात खांद्यापर्यंतही जाईना, त्यात ते वजनदार पोर. ती वाकली की सिस्टर ओरडायची.

"उचलायचं नाही. हात सुजून बसेल. उचलायचं नाही, चढू द्यायचं."

तिनं स्वतः करून दाखवलं. आईच्या बुटक्या खाटेपुढे आमचा जेवायचा पाट ठेवला, त्यावर दुमडलेली गोधडी. स्वतः खाटेवर भिंतीला टेकून बसली, डावी मांडी पुढे केली आणि तिच्यावर दोनदा थाप मारली. हाका नाहीत, ओढाताण नाही. नुसती वाट बघत बसली. "पोरगं येतं. आपण घाई करतो म्हणून येत नाही." आणि खरंच, भाऊ आला, पाटावर चढला, गोधडीवर चढला आणि सिस्टरच्या मांडीवर जाऊन बसला. आम्ही हसलो. मग तिच्या जागी आई बसली, तिनं थाप मारली. तो लांबूनच बघत राहिला. उशी तोंडाशी धरून.

रोज सकाळी आई तशी बसायची. थाप मारायची, वाट बघायची. मावशी यायचा दिवस जवळ येत होता. मला त्या पोराचा इतका राग यायचा की त्याला धरून तिच्या मांडीवर आदळावं असं वाटायचं. आईला मात्र राग यायचा नाही. ती थाप मारायची आणि मधल्या वेळात काजं करायची.

उशीचं झालं ते वेगळ्याच कारणानं. आई ब्लाउजमध्ये कापसाची गादी घालायची आणि ती वर सरकून गळ्याशी यायची. ज्या बाईनं अख्ख्या कॉलनीची मापं घेतली तिला स्वतःचं ब्लाउज बसवता येईना, याची तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची. ती बाहेर पडायचीच नाही. सिस्टर म्हणाली, "कापसाला वजन नाही. एका बाजूला वजन आहे, दुसऱ्या बाजूला नाही, म्हणून खांदाही झुकतोय. आमच्याकडच्या बायका काय काय भरतात. तू टेलर आहेस, तूच बघ."

आई विचारात पडली. तांदळाला किडे होतात. वाळू टोचते. आणि मग तिची नजर भावाच्या हातातल्या उशीवर गेली. बारीक दाणा, गुळगुळीत, वजनाला बरोबर, अंगाला लागून बसणारा. सिस्टरनं कपाळावर हात मारला. "काखेत कळसा!"

आईनं जुन्या मलमलीची पिशवी बेतली. डाव्या हातानं कापली, मशीनवर माझा हात धरून शिवून घेतली. मग उशी मागितली. पोरानं घर डोक्यावर घेतलं. शेवटी तोडगा निघाला. आईनं त्याच्यासमोरच उशी उसवली, निम्मी मोहरी पिशवीत ओतली आणि निम्मी ठेवून उशी परत शिवून दिली. तो हुंदके देत दाणा न् दाणा कुठे जातो ते बघत होता. पिशवी ब्लाउजमध्ये गेली, आई आरशासमोर उभी राहिली, पदर घेतला, खांदे सरळ केले. सिस्टर मागे उभी होती. ती हसली. मला माझी आई परत दिसली, आणि मी मोरीत जाऊन रडले.

मावशी सकाळच्या एसटीनं आली. कांद्याची पिशवी, त्याच्यासाठी शिवलेलं झबलं, आणि त्याचे कपडे भरायला एक रिकामी थैली. आजीनं चहा टाकला. आई खाटेवर बसली होती. पाट समोर होता, तो आता कुणी उचलायचंच नाही. आईनं सवयीनं थाप मारली.

भाऊ मावशीकडे गेला नाही. तो आईसमोर उभा राहून तिच्या उजव्या बाजूकडे रोखून बघत होता. त्याच्या हिशोबानं तिनं त्याची मोहरी पळवली होती आणि ती त्याला परत हवी होती. तो पाटावर चढला, गोधडीवर चढला, मांडीवर चढला. तिच्या ब्लाउजवर एक चापट मारली. आई हलली नाही. सिस्टरनं बजावलं होतं, तो काही करो, मागे सरायचं नाही. त्यानं आणखी एक चापट मारली. आतून सळसळ झाली. तो थबकला. मग त्यानं कान टेकला, इकडून तिकडे घासला. पुन्हा सळसळ. आईचा डावा हात त्याच्या पाठीवर आला. थोड्या वेळानं त्याची मूठ सुटली आणि उशी खाली पडली.

तो झोपला. मावशी समोर बसून बघत होती. चहा झाला, भाकरी झाली. तिच्या गाडीची वेळ होत आली तशी आईच म्हणाली, "उठव त्याला अक्का. गाडी चुकेल तुझी."

"चुकू दे," मावशी म्हणाली.

तो उठला तेव्हा ऊन उतरलं होतं. उठल्यावर तो मावशीकडे बघून हसला आणि आईच्या पदरात तोंड लपवलं. मावशीनं डोळे पुसले, थैलीची घडी केली. "झबलं घालून बघ गं त्याला. मोठं केलंय जरा, पुढल्या साली बी व्हईल." आणि ती शेवटच्या एसटीनं एकटी गेली. माझ्या ओळखीत इतकं मोठं मन दुसऱ्या कुणाचं नाही. दिवाळीत तिच्याकडे जाऊन राहणं हा मग आमच्या घराचा नेमच झाला, चौघांचा. आजी तेवढी घर राखायची.

पुढची वर्षं आईनं कशी काढली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. भिंतीवर बोटं चढवत चढवत हात वर नेला, मशीन पुन्हा चालवली. सिस्टर तिच्याकडे बायका पाठवायची. बाई पदर ओढून यायची, नवरा बाहेर उभा, आणि आई पहिला प्रश्न विचारायची, "घरात बाळाची मोहरीची उशी आहे का? घेऊन या." कधी बाई हसायची, कधी रडायची. आई माप घ्यायला लागायची. एकेकीला पाट आणि मांडीचंही शिकवायची, सिस्टरच्याच शब्दांत, आवाज तेवढा कमी. भाऊ शाळेत जायला लागला तरी आल्या आल्या दप्तर टाकून पाटावरून खाटेवर. दहा वर्षांचा घोडा झाला तरी आई मांडीवर थाप मारायची आणि तो लाजत का होईना, डोकं टेकायचा.

आजी गेली, माझं लग्न झालं, आणि ऐंशीच्या दशकात आजार परत आला. यावेळी पाठीच्या मणक्यात. मी बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा आई अंथरुणावरच होती. सिस्टर आता वॉर्डाची इनचार्ज, केस पिकलेले. तरी संध्याकाळी यायची. आईला कुशीवर कसं वळवायचं, उशा कुठे लावायच्या, हे तिनं वडिलांना आणि भावाला शिकवलं. मुलगी झाली तेव्हा सिस्टरनंच आईला हलकेच कुशीवर वळवलं आणि बाळ तिच्या तोंडासमोर ठेवलं. "उचलायचं नाही," आईच तिला म्हणाली, आणि दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी आईनं भावाला मशीनवर बसवलं. आपली ब्लाउजमधली पिशवी उसवायला लावली आणि त्या मोहरीची बाळाला उशी शिवायला सांगितली. मी म्हणाले, "अगं, तुला लागेल ती." आई म्हणाली, "मला आता कुठे मिरवायचंय? तिचं डोकं बघ, एका बाजूला चपटं होईल." भावानं शिवली. टाके वाकडे होते, आईनं दोनदा उसवायला लावले. मग माझी मुलगी तिच्यावर झोपायची, डोकं हलवायची, आणि आई डोळे मिटून ती सळसळ ऐकत पडून राहायची.

मुलगी रांगायला लागायच्या आत आई गेली.

त्यानंतर काही महिन्यांनी मी माहेरी गेले होते. मुलगी नुकती धरून उभी राहत होती. ती मामाकडे बघून रडायला लागली, दोन्ही हात वर केले. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अरे घे ना तिला!" भाऊ तेव्हा पंधराच्या आसपास, दंड असे की एका हातानं पाण्याचा हंडा उचलायचा. त्यानं तिला उचललं नाही. लहान मूल घ्यायची दुसरी काही रीत असते हे त्याला माहीतच नव्हतं. त्यानं आईच्या खाटेखालचा पाट ओढला, त्यावर गोधडी दुमडून ठेवली, भिंतीला टेकून बसला. डावी मांडी पुढे केली, तिच्यावर दोनदा थाप मारली, आणि वाट बघत राहिला.